जहाजं बघायला, टिपायला निघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक जहाज बघितलं की सगळी बघितली. त्यासाठी मुद्दाम सहल कशाला?

असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याला एकदा अरुंद पाण्याच्या काठावर नेऊन उभं करायचं. आधी झाडांच्या शेंड्यांवरून नुसती डोलकाठी सरकताना दिसते, मग पायाखाली इंजिनाची धडधड जाणवते, आणि वळणाआडून एखादी इमारत चालत यावी तसं जहाज समोर येतं. चारशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज दहा नॉटने, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरने चाललं असेल, तर पुरतं समोरून जायला त्याला सव्वा मिनिटाच्या वर लागतं. तेवढा वेळ पलीकडचा काठ गायब. हा प्रश्न नंतर सहसा कुणी विचारत नाही.

पहिल्या सहलीसाठी बंदर निवडू की कालवा?

कालवा. किंवा बंदराकडे जाणारी अरुंद नदी, सामुद्रधुनी. धक्क्याला लागलेलं जहाज क्रेनच्या पायांमागे अर्धं लपलेलं असतं, शिवाय ते कुंपणापलीकडे. जुलै २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम (आयएसपीएस) लागू झाले, आणि एकेकाळी लोक धक्क्यावर फिरायला जात ते बहुतेक ठिकाणी बंद झालं. नवखा माणूस नकाशात सगळ्यात मोठं बंदर शोधतो, तिथे पोचतो आणि दिवसभर जाळीच्या भोकातून फोटो काढतो. माझी पहिली सहल अशीच गेली: दोनशे फोटो आणि त्यातल्या दीडशेंत तारेची जाळी.

जहाजाच्या मागे धावू नये. त्याला जिथून जावंच लागतं तिथे जाऊन बसावं. या छंदात शिकण्यासारखं जे आहे ते बरंचसं एवढ्यात आलं.

मग नेमकं कुठे जावं?

माझं पहिलं मत जर्मनीतल्या कील कालव्याला. १८९५ साली खुला झालेला, सुमारे ९८ किलोमीटर लांबीचा हा कालवा उत्तर समुद्र आणि बाल्टिक यांना जोडतो. त्याच्या एका टोकाला ब्रुन्सब्युटेलची आणि दुसऱ्या टोकाला कीलची लॉक गेटं आहेत, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे सोडणारे दारांचे कप्पे. काठाने सायकलचा रस्ता जातो आणि कालवा ओलांडणाऱ्या फेरीबोटी फुकट आहेत. जहाजांना वेगाची मर्यादा ताशी १५ किलोमीटर, मोठ्यांना त्याहून कमी. याचा अर्थ साध्या सायकलवरून तुम्ही जहाजाला मागे टाकू शकता. एकच जहाज एका वळणावर समोरून टिपायचं, पुढे जाऊन पुलाखाली टिपायचं आणि मग फेरीवर चढून पाठमोरं टिपायचं, हे दुसरीकडे कुठे जमेल असं मला वाटत नाही. रेंड्सबुर्गला १९१३ सालचा रेल्वेचा उंच पूल आहे आणि त्याला खाली लोंबकळत जाणारी फेरी आहे. जुनी फेरी २०१६ मध्ये जहाजाची धडक बसून निकामी झाली, नवी २०२२ मध्ये आली. मात्र इथे राक्षसी जहाजं शोधू नका. लांबी २३५ मीटर आणि पाण्यावरची उंची ४० मीटर, याच्या आत बसणारीच जहाजं कालव्यात शिरतात.

राक्षस बघायचे तर एल्बे नदी. हॅम्बर्ग बंदर समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे, त्यामुळे चारशे मीटरची जहाजं चक्क गावांच्या, बागांच्या आणि वाळूच्या किनाऱ्यांच्या बाजूने जातात. हॅम्बर्गच्या अलीकडे असलेल्या वेडेल गावात १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत लावून सलामी देतात. जरा भाबडा प्रकार आहे, पण ध्वनिक्षेपकावर एखाद्या चिमुकल्या बेटाचं राष्ट्रगीत वाजतं आणि समोरून त्याच देशाचा झेंडा लावलेलं अजस्र जहाज जातं, तेव्हा गंमत वाटते.

नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगनचा किनारी रस्ता चुकवू नये. अँटवर्पला जाणारी जहाजं इथे किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात आणि इथेच समुद्राचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा वाटाड्या, उतरून नदीचा पायलट चढतो. दोरीच्या शिडीवर लटकलेला माणूस आणि खाली उसळणारी पायलट बोट, हे दृश्य बाकावर बसून दिसतं. रॉटरडॅमबाबत एक गैरसमज असतो. नव्या जलमार्गाच्या काठी हुक फान हॉलंडला बसलं की जगातली सगळ्यात मोठी जहाजं अगदी पुढ्यातून जातील असं लोकांना वाटतं. ती तिथून पलीकडच्या वाटेने मासफ्लाक्टेकडे, म्हणजे बंदराच्या समुद्राकडच्या भागाकडे वळतात. या जलमार्गात फेरीबोटी, छोटी मालवाहू जहाजं आणि शहरापर्यंत जाणारी क्रूझ जहाजं मिळतात. मोठी हवीत तर मासफ्लाक्टेलाच जा. वाटेत वेळ असेल तर आयमाउडेनचं २०२२ साली सुरू झालेलं लॉक बघा: ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद.

इस्तंबूलचा बॉस्फरस म्हणजे वेगळंच प्रकरण. सुमारे ३१ किलोमीटरची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर, आणि मधोमध एक महानगर. १९३६ च्या मॉन्त्र करारामुळे व्यापारी जहाजांना इथून मोकळी ये-जा आहे. पार्श्वभूमीला मशिदी, राजवाडे, किल्ला. जहाज साधं असलं तरी फोटो साधा येत नाही.

पनामाचं पुढे सांगतो. सुएझबद्दल मात्र आधीच सावध करतो. कालवा १८६९ चा, लांबी १९३ किलोमीटर, २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज आडवं अडकल्यापासून घराघरात माहीत झालेला. पण काठावर लष्कराचा पहारा असतो आणि तिथे कॅमेरा काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पोर्ट सैद ते पोर्ट फुआद या फेरीवरून जहाजांची गर्दी डोळ्यांनी बघा आणि समाधान माना.

पनामा कालव्यात कुठे उभं राहायचं?

आधी हे ठरवा की जुनी लॉक्स बघायची की नवी. १९१४ ची जुनी लॉक्स ३३.५ मीटर रुंद आहेत आणि त्यांच्यासाठी बेतलेली जहाजं ३२.३ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सव्वा मीटरही मोकळं नाही. दोन्हीकडच्या रुळांवरून चालणारी छोटी विजेची इंजिनं तारा ताणून जहाजाला मधोमध धरून ठेवतात. त्यांना तिथे ‘खेचर’ म्हणतात. मीराफ्लोरेसच्या गच्चीवरून हे सगळं इतकं जवळ दिसतं की खलाशाच्या हातमोज्यावरचं ग्रीसही टिपता येतं.

वेळेकडे लक्ष ठेवा. साधारणपणे सकाळी पॅसिफिककडून आलेली जहाजं वर चढतात आणि दुपारनंतर अटलांटिककडची उतरतात, मधल्या तासांत लॉक रिकामं असू शकतं. टूर कंपन्या नेमकं त्याच वेळी लोकांना आणून सोडतात. सकाळी लवकर जा किंवा तीननंतर.

२०१६ ची नवी लॉक्स ५५ मीटर रुंद. तिथे खेचरं नाहीत, टगबोटीच (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) जहाज धरतात. मीराफ्लोरेसवरून पॅसिफिक बाजूची नवी लॉक्स लांब पडतात. मोठी कंटेनर जहाजं जवळून हवी असतील तर अटलांटिक बाजूला अग्वा क्लाराला जावं लागेल. आणि दुष्काळाच्या वर्षी जहाजंच कमी होतात, कारण प्रत्येक जहाज वर-खाली करायला गातून तलावाचं गोडं पाणी खर्च होतं. एरवी रोज छत्तिसाच्या आसपास जहाजं जातात, ती संख्या २०२३ च्या अखेरीस पंचविसाच्या आत आणावी लागली होती.

आज कोणतं जहाज येणार हे आधी कसं कळतं?

एआयएस या जहाजांच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेमुळे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना हे यंत्र बसवणं सक्तीचं आहे. चालत्या जहाजाचं यंत्र दर २ ते १० सेकंदांनी आणि नांगरलेल्या जहाजाचं दर ३ मिनिटांनी आपली जागा, वेग आणि दिशा सांगत राहतं. हे संदेश पकडून नकाशावर दाखवणारी बरीच ॲप्स आहेत आणि त्यांची फुकट आवृत्ती काठावर बसणाऱ्याला पुरते.

फसगत होते ती ‘पुढचं बंदर’ आणि ‘पोचण्याची वेळ’ या रकान्यांत. ते जहाजावरचा माणूस हाताने भरतो, आणि कधीकधी गेल्याच फेरीचं तसंच राहतं. जागा आणि वेग मात्र यंत्र स्वतः पाठवतं, त्यावर विश्वास ठेवा. माझी पद्धत अशी: जहाज माझ्यापासून किती किलोमीटरवर आहे ते बघायचं, वेगाने भागायचं आणि पंधरा मिनिटं आधी तयार राहायचं. नॉटला दोनने गुणून थोडं कमी केलं की ताशी किलोमीटर. वेग अचानक पाच-सहा नॉटवर आला तर समजायचं की पायलट चढतोय किंवा टग येताहेत.

काही जण व्हीएचएफ रेडिओवर बंदर नियंत्रणाचं बोलणं ऐकतात. त्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, निघण्याआधी बघून घ्या.

भरती-ओहोटीचा काही संबंध आहे का?

नदीकाठच्या बंदरांत मोठा आहे. भरून आलेलं खोल जहाज भरतीच्या पाण्याबरोबर आत सरकतं, म्हणजे खाली पुरेसं पाणी राहतं. त्यामुळे दिवसभर चिटपाखरू नाही आणि मग दोन तासांत तीन राक्षस, असं होतं. हवामानाच्या आधी भरतीचं कोष्टक बघायची सवय लावून घ्या.

कोणता ऋतू चांगला?

उत्तर युरोपसाठी मे ते ऑगस्ट. जूनमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सला जाणार असाल तर हिवाळा सोडाच: सू लॉक्स १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात. उरलेल्या महिन्यांत मात्र डुलुथ इथला उचलता पूल भन्नाट आहे. तीनशे मीटरचं खनिजवाहू जहाज सुमारे नव्वद मीटर रुंदीच्या प्रवेशमार्गातून आत येतं आणि लोक दोन्ही बाजूंच्या बांधावर उभे असतात.

केवढी लेन्स लागेल? चारशे मिलिमीटरची घ्यावी का?

दुकानात जाण्याआधी गणित करा. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. चारशे मीटरचं जहाज सहाशे मीटरवरून पूर्ण चौकटीत बसवायला ३६ गुणिले ६०० भागिले ४००, म्हणजे ५४ मिलिमीटर लागतात. साधी लेन्स! तेच जहाज तीन किलोमीटरवर असेल तर २७० लागतील. म्हणजे जागा बरोबर निवडली तर २४-१०५ वर नव्वद टक्के काम होतं. लांबची लेन्स तपशिलांसाठी ठेवा: नांगराच्या भोकातून ओघळलेला गंज, पायलटची शिडी, वाळत घातलेले बॉयलर सूट.

शिवाय तीन किलोमीटरवरच्या जहाजाचं दुपारी जे होतं त्याला कुठलीच महागडी लेन्स पुरी पडत नाही. पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि जहाजाच्या कडा वितळल्यासारख्या येतात. फोकस चुकला समजून लोक कॅमेरा दुरुस्तीला देतात. सकाळी लवकर या किंवा जवळ जा, तिसरा उपाय नाही.

सेटिंग काय ठेवू?

जहाज संथ चालतं, १/५०० पुरे. तुम्ही स्वतः बोटीत असाल तर १/१००० करा. काळी बाजू आणि पांढरा केबिनचा भाग अशी जहाजं कॅमेऱ्याला चकवतात. पांढरा भाग जळू न देता एक्स्पोजर लावा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, काळ्यातला तपशील नंतर वर आणता येतो. क्षितिज सरळ ठेवा. डोलकाठीचं टोक कापू नका. जहाजवेड्यांत हे अक्षम्य मानतात.

उजेड कोणत्या बाजूने असावा?

उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून पाणी पूर्व-पश्चिम वाहत असेल तर दक्षिण काठावर उभं राहा. तुमच्याकडची बाजू उजळलेली मिळेल. जहाज अजून थोडं लांब असताना, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आणि एक बाजू दोन्ही दिसतात तो कोन नेहमीचा यशस्वी. अगदी आडवं समोर आलं की ते लांबलचक भिंतीसारखं दिसतं. ओळख पटवायला हा फोटो उत्तम, भिंतीवर लावायला कंटाळवाणा. सूर्य समोर असेल तर हट्ट सोडा आणि काळी आकृतीच काढा. संध्याकाळी बॉस्फरसवर हाच पर्याय मला जास्त आवडतो.

फोटो काढला, पण जहाज कोणतं हे कसं शोधायचं?

नाव नाळेच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असतं, मागे नावाखाली नोंदणीचं बंदर. पण जहाज विकलं गेलं की नाव, रंग, झेंडा, सगळं बदलतं. बदलत नाही तो सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक, जन्मापासून भंगारापर्यंत एकच. तो मागच्या बाजूला किंवा केबिनच्या भिंतीवर रंगवलेला सापडतो.

फोटोत आकडा धूसर असेल तर पडताळायची युक्ती आहे. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच क्रमांकाचा सातवा आकडा. ‘एव्हर गिव्हन’चा क्रमांक ९८११०००. ६३ अधिक ४८ अधिक ५ अधिक ४, बेरीज १२०, शेवटी शून्य. जुळलं! नाही जुळलं तर तुम्ही ३ ला ८ वाचलंय.

जुन्या जहाजांवर नाळेजवळ बारकाईने बघा. नावाची अक्षरं पुष्कळदा वेल्डिंगने उठवलेली असतात. नवं नाव रंगवलं तरी तिरप्या उन्हात जुन्याची उठावदार कड रंगाखालून दिसते. एकदा एका जहाजावर मला अशी दोन जुनी नावं एकावर एक दिसली. एकच वाचता आलं.

झेंडे आणि रंग यांवरून काय कळतं?

उभा अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा म्हणजे पायलट जहाजावर आहे. लाल झेंडा म्हणजे धोकादायक माल. मागच्या झेंड्यावरून मालकाचा देश कळेल असं मात्र नाही. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं यांचे झेंडे सारखे दिसतील, कारण तिथे नोंदणी करणं मालकांना सोयीचं पडतं. खालचा लाल पट्टा बराच वर आलेला आणि पुढचा फुगीर भाग पाण्याबाहेर दिसत असेल तर जहाज रिकामं किंवा हलकं आहे. भरलेल्याचा लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. मला फोटोसाठी रिकामीच आवडतात, अंगाचा जास्त भाग दिसतो.

परवानगी लागते का? कुणी अडवलं तर?

सार्वजनिक रस्ता, बाग, फेरी, प्रेक्षक गच्ची यांवरून बहुतेक देशांत अडचण येत नाही. नौदलाची जहाजं, लष्करी धक्के आणि तेल-गॅसचे टर्मिनल यांच्याकडे लेन्स वळवण्याआधी स्थानिक नियम वाचा. मला एकदा एका रखवालदाराने सार्वजनिक रस्त्यावर अर्धा तास थांबवून ठेवलं होतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले, प्रत्येक जहाजाचं नाव आणि जन्मसाल सांगत गेलो, आणि सातव्या जहाजाला तो कंटाळून निघून गेला. वाद न घालता कंटाळा आणणं हा चांगला उपाय आहे.

ड्रोन घरीच ठेवा. बहुतेक मोठ्या बंदरांवर उडवायला बंदी असते किंवा परवाना लागतो.

काठावर धोका असतो का?

असतो, आणि तो जहाज निघून गेल्यावर येतो. मोठं जहाज अरुंद पाण्यातून जाताना आधी काठाचं पाणी ओढून घेतं. वाळू उघडी पडते, मुलं शंख वेचायला पुढे धावतात. मग पाणी परत येतं, एकामागून एक लाटांनी. एल्बेच्या किनाऱ्यांवर याचा इशारा देणाऱ्या पाट्या लावलेल्या आहेत. मी त्या वाचल्या होत्या, तरी बॅग वाळूवर ठेवून जहाजाच्या पाठमोऱ्या फोटोत गुंतलो. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मागे वळून पाहिलं तर बॅग तरंगत होती. एक लेन्स आतून कायमची धुकट झाली. सामान नेहमी काठापासून वर, झाडाखाली ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर जहाज गेल्यावर पाच मिनिटं त्यांना पाण्याजवळ सोडू नका.

दोर बांधायच्या खुंटांजवळ तर उभंच राहू नये. ताणलेला दोर तुटला तर तो कुठे फिरेल याचा नेम नसतो.

किती दिवस ठेवावेत?

एका ठिकाणी किमान तीन. एक दिवस धुकं खाईल, एक दिवस जागा कळण्यात जाईल.

जहाजाला हात केला तर कुणी बघतं का?

लॉकमध्ये नक्की. जहाज तिथे थांबलेलं असतं आणि नाळेजवळ उभ्या खलाशाला दोर धरण्यापलीकडे काही काम नसतं. नदीत जहाजाच्या ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीच्या, कडेला उभा असलेला एखादा अधिकारी हात उंचावतो, कप्तान खुशीत असला तर भोंगाही वाजतो, आणि जवळून वाजला तर छातीत हलतं. कील कालव्यात मी कॅमेरा खाली ठेवून हात केला, तर वरच्या खलाशाने खिशातून मोबाइल काढला आणि जहाज वळणाआड जाईपर्यंत माझेच फोटो काढत राहिला.